चीक न प्यालेलं रेडकू

रेडकू चार दिवसांचं झालं होतं आणि आईच्या कासेला तोंड लावलं की त्याच्या अंगावर गांधी उठत होत्या. डॉ. प्रज्वला हेरवाडेंनी त्याच्या कानाला विकरमापक टेकवला. पेशीतली कामं घडवून आणणारी प्रथिनं म्हणजे विकरं. नवजात पिलाच्या संरक्षक पेशींत ती किती जोमानं राबताहेत, ते ही डबी रक्ताच्या थेंबावरून सांगायची. आकडा महिन्याच्या रेडकाला शोभेल असा होता.

त्यात नवल नव्हतं. जन्मताच टोचायचा ‘जागर’ डोस तालुक्यात तिनंच आणला होता. छातीतल्या यौवनलोपी ग्रंथीत, म्हणजे थायमसमध्ये, या संरक्षक पेशी वाढतात, पण त्यांचं एक विकर जन्मतेवेळी झोपलेलं असतं. डोसानं ते जागं झालं, की पेशी लगेच शत्रू ओळखू लागतात. वर्षभरात डोस घेतलेलं एकही पिलू दगावलं नव्हतं. तिला त्याचा भारी अभिमान होता. तिच्याच आकड्यांवर विसंबून पुढच्या महिन्यापासून प्रसूतिगृहांत बाळांनाही डोस मिळणार होता.

“चीक किती पाजलात, अक्काताई?”

म्हशीची मालकीण गोंधळली. “थेंबबी न्हाई. डोस दिल्यावर चिकाची गरज न्हाई, असं तुम्हीच म्हणाला न्हवं? सगळ्याचा खरवस केला. तुम्हालाबी डबा धाडला की.”

तो प्रज्वलानं मिटक्या मारत खाल्ला होता.

“आणि तुमच्या दुसऱ्या म्हशीच्या रेडकाला?”

“त्याची आय लाथा झाडती. धारंला बसूच दिलं न्हाई तिनं. सगळा चीक त्यानंच प्याला.”

ते रेडकू ढुशा देत पीत होतं, अंगावर एकही गांध नव्हती. प्रज्वलानं त्याचाही कान तपासला. डोस तोच, आकडाही तोच. ती पहिल्या रेडकाकडे परतली.

“चूक माझी आहे, अक्काताई. डोस पेशींना जागं करतो, पण आपलं कोण ते चीक शिकवत असणार. याच्या पेशींनी आईचं दूधच शत्रू ठरवलं. आजवर बाकीच्यांनी डोसासोबत चीकही पाजला असणार, म्हणून हे दिसलं नाही.”

“मग आता पाजूया की. शेजारची म्हैस आजच व्यालीया.”

“पाजू. पण चार दिवसांच्या पिलाचं आतडं तो शोषून घेईल, असं वाटत नाही.”

रेडकू भुकेनं रेकत आईकडे ओढ घेत होतं आणि अक्काताईनं त्याला दाव्यानं आवरून धरलं होतं. प्रज्वलानं फोन काढला. “प्रसूतिगृहांना कळवते. आधी आईचं चिकाचं दूध, मगच डोस.”

अक्काताईनं रेडकाला आणखी जवळ ओढलं. मग म्हणाली, “आणि बाई, ज्या लेकराची आय बाळंतपणातच गेली, त्याला आपलं कोण ते कुणी शिकवायचं?”