पितांबरशेठ

म्हसावदच्या अलीकडे, केळीच्या बागा संपतात तिथे वॉटर पार्क आहे. लांबून आधी निळ्या-पिवळ्या घसरगुंड्या दिसतात, मग लाटांच्या तलावाचा भोंगा ऐकू येतो. फुलसिंग तिथे जीवरक्षक म्हणून रुजू झाला, तेव्हा त्याला मनातल्या मनात हसूच आलं. नर्मदेवरच्या धरणाच्या फुगवट्यात, तळ न लागणाऱ्या पाण्यात तो लहानाचा मोठा झालेला. आणि इथे नायलॉनचे कपडे घातलेली माणसं कमरेएवढ्या पाण्यात जीव चालल्यासारखी ओरडत होती.

हे हसू आठवडाभरात विरलं. पार्कातली माणसं आपसात अहिराणी बोलायची, ती त्याला निम्मीच कळायची. त्याची पावरी बोली तर कुणालाच कळत नव्हती. शाळेत शिकलेली मराठी तो पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशीसारखी जपून काढायचा. दुपारी पंपघराच्या सावलीत एकटाच भाकरी खायचा. हजार माणसांचा कालवा कानावर, आणि दिवसभरात कुणाशी चार शब्द नाहीत. भर गर्दीत माणूस इतका एकटा पडतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

घरी सात दिवसांची लेक ठेवून तो आला होता. मॅनेजर धर्मेंद्रने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पंधराव्या दिवशी परीक्षा. तळाची डमी चाळीस सेकंदांत बाहेर काढलीस, तर नोकरी पक्की आणि दोन दिवस सुट्टी. नाही जमलं, तर राम राम." लेकीचं तोंड बघायचं, तर मध्ये हे चाळीस सेकंद होते.

डमी म्हणजे माणसाएवढा रबरी बाहुला, पोटात वाळू भरलेला. मूळचा नारिंगी, पण उन्हाने पार पिवळा पडलेला, म्हणून गोपाल त्याला पितांबरशेठ म्हणायचा. गोपाल इथला जुना जीवरक्षक. रोज सकाळी सातला, फाटक उघडायच्या आधी, तो शेठला आठ फुटी टाकीत ढकलून चहाला जायचा. फुलसिंगने बुडी मारायची, शेठला काखेत धरून पायऱ्यांवर आणायचं आणि घड्याळ बघायचं. मग गोपाल त्याला सामानाच्या खोलीत फाटक्या ट्यूबांवर टाकून कुलूप लावायचा.

पहिल्याच सकाळी फुलसिंगकडून एक चूक झाली. त्याचा बाप, उदेसिंग, फुगवट्यात बुडालेली माणसं काढायचा. काढताना त्यांच्या कानाशी म्हणायचा, "चल, घरी जाऊ." नाही म्हटलं तर माणूस अर्धा पाण्यातच राहतो, असं त्याचं म्हणणं. आणि एकदा म्हटलं की उंबऱ्यापर्यंत न्यायचं, मध्ये कुठे ठेवायचं नाही. बापासोबत फुलसिंगने अशी तीन माणसं घरी पोचवली होती. जशी हाताला सवय, तशीच जिभेला. रबरी डोकं पाण्याबाहेर आलं, आणि ते शब्द पावरीत त्याच्या तोंडातून निघून गेले.

त्याला स्वतःचीच गंमत वाटली. पण आपल्या बोलीतले दिवसभरातले तेवढेच शब्द होते. म्हणून दुसऱ्या दिवशीही तो म्हणाला. मग रोजच म्हणू लागला.

पाचव्या दिवशी शेठला टाकीच्या मधोमध टाकलं होतं. फुलसिंगला तो पायऱ्यांच्या बुडाशी सापडला. फिल्टरने ओढला असेल, असं तो धरून चालला. आठव्या दिवशी तो उचलवेना. तेहतीस सेकंदांचे एकावन्न झाले.

"रबर पानी पी ग्यं व्हई," गोपाल म्हणाला. "इतलं काय घाबरस रे?" त्याने पोटाचं बूच काढून वाळू ओतून दाखवली. नेहमीएवढीच होती, आणि कोरडी ठाक. गोपालने ती परत भरली.

अकराव्या दिवशी गोपालला उशीर झाला, म्हणून ऑफिसातून किल्ली आणून फुलसिंगनेच खोली उघडली. शेठ दाराशी बसला होता, पाठ ट्यूबांकडे करून. त्याच्याखालची फरशी ओली होती. आणि वास येत होता. टाकीच्या क्लोरीनचा वास फुलसिंगला पाठ झाला होता. हा फुगवट्याच्या गाळाचा होता, पाण्याखाली गेलेल्या झाडांचा.

भीती वाटायला हवी होती. फुलसिंगला घर आठवलं आणि रडू आलं.

तो त्याच्याशेजारी बसला आणि बोलत सुटला. लेकीबद्दल सांगितलं, बायकोबद्दल सांगितलं. तळोद्याहून जीप कुठे मिळते, घाट उतरल्यावर होडी कुठे लागते, काठावरून वर चढलं की मोहाखालचं तिसरं घर आपलं. इतक्या दिवसांत कुणी त्याचं एवढं ऐकून घेतलं नव्हतं. पुढचे तीन दिवस तो रोज थोडा लवकर जाऊन बसू लागला.

पंधराव्या दिवशी धर्मेंद्र घड्याळ घेऊन टाकीच्या काठावर उभा राहिला. शिट्टी वाजली.

फुलसिंग तळाशी पोचला. शेठ उताणा पडला होता.

त्याने काखेत हात घालण्याआधीच एक हात त्याच्या खांद्यावर आला.

वजन नव्हतंच. कोण कुणाला वर नेतंय, ते कळेना.

डोकी पाण्याबाहेर आली. मॅनेजरसमोर लाज वाटून फुलसिंगने तोंड घट्ट मिटून घेतलं. तरी ते शब्द त्याला ऐकू आले. पावरीत, अगदी कानाशी.

"एकवीस सेकंद!" धर्मेंद्र ओरडला. गोपालने टाळ्या पिटल्या. पायऱ्यांवर पिवळं रबर पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत डमी नव्हती. कुलूप जसंच्या तसं होतं.

"मी मन्हा हातवरी कुलूप लायेल व्हतं," गोपाल पुन्हा पुन्हा सांगत होता. "कोन ली ग्या त्याले?"

"ती सापडेपर्यंत कुणालाच सुट्टी नाही," धर्मेंद्र म्हणाला. फुलसिंगच्या जिवाचं पाणी पाणी झालं, पण भांडायला पुरेल एवढी मराठी त्याच्याजवळ नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी निशाचा, त्याच्या बायकोचा, फोन आला. गावात रेंज नसते; ती टेकडी चढून आली होती, तिला धाप लागली होती.

"तू पाठवलेला माणूस काल पोचला," ती म्हणाली.

"कोण माणूस?"

"नाव सांगत नाही. बोलतच नाही. पण वाट कुणाला विचारली नाही त्याने, होडीतून उतरला तो सरळ आपल्या दारात. आई म्हणाली, फुलसिंगनेच धाडला असणार, बसू दे. कालपासून उन्हात बसलाय, तरी अंगावरचे कपडे वाळेनात."

फुलसिंगच्या मागे लाटांचा भोंगा वाजला. माणसं आनंदाने किंचाळली.

"लेक कुठे आहे?" त्याने विचारलं.

निशा हसली. "इतके दिवस रडून रडून जीव नकोसा केला होता तिने. आता बघ, कशी शांत झोपते त्याच्या मांडीवर. मी घ्यायला गेले तरी सोडत नाही त्याला." मग जरा थांबून म्हणाली, "तिचे केस तेवढे ओले होतात रे. मी पुसते, आणि परत ओले होतात."