भाऊजींचा उजवा कान

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायचीच असती, तर स्वतःच्या सख्ख्या बहिणीची कशाला रचली असती?

यात काळोखी रात्र नाही. ओसाड बंगला नाही, कुत्र्यांचं रडणं नाही. भर दुपार होती. डोळे दिपवणारं ऊन, समोर निळंशार पाणी आणि हाकेच्या अंतरावर माणसं.

हाकेच्या अंतरावर... एवढं लक्षात ठेवा.

भाऊजींनी मला हे एकदाच सांगितलं. मी त्यात पदरचं काही घातलेलं नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात ते प्रेस मशीनवर असत. उजवी बाजू कायम मशीनकडे. दिवसभर ठण्ण... ठण्ण... ठण्ण. त्यात त्यांचा उजवा कान गेला. थोडाथोडका नाही, साफ गेला. आतली नसच मेली आहे, आता औषधपाण्यावर पैसे घालवू नका, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

आणि ताई बालवाडीची बाई. तिच्या तोंडाला विश्रांती म्हणून नाही.

"एक कान बंद पडला म्हणून संसार टिकला," भाऊजी म्हणायचे.

"माझं अर्धं बोलणं फुकट जातं, त्याचं काय?" ताई म्हणायची.

चेष्टा असायची ती. पण ताईने तिचं एकही वाक्य फुकट जाऊ दिलं नाही. रस्त्यात, बसमध्ये, जेवायच्या टेबलाशी, ती नेहमी त्यांच्या डाव्या बाजूला. चुकून उजवीकडून आली, तर वळसा घालून डावीकडे जाणार, खांद्यावर दोन टिचक्या मारणार आणि मग बोलणार. मूलबाळ नव्हतं. दोघंच एकमेकांना होती. ताईशिवाय भाऊजी भाजी आणायलासुद्धा जात नसत, कारण मागून येणारी गाडी त्यांना कळायची नाही.

रात्री मात्र भाऊजी डावा कान उशीत खुपसून झोपायचे. चांगला कान दाबला की सगळं बंद. पाऊस नाही, शेजाऱ्यांचं भांडण नाही, ताईचं घोरणंही नाही.

त्या हिवाळ्यात थंडीने कहर केला होता. ताईची बोटं सुजली होती आणि खोकला काही केल्या हटत नव्हता. कारखाना मशीनच्या दुरुस्तीसाठी बंद होता, बालवाडीला सुट्टी होती. भाऊजींनी कुठूनतरी एका गरम गावाची माहिती काढली. समुद्रकाठी स्वस्तातली खोली. चार दिवस जायचं, नुसतं ऊन खायचं आणि परत यायचं.

लग्नानंतर पहिल्यांदाच दोघं कुठेतरी निघाली होती. मी त्यांना बसवर सोडायला गेले होते. ताई दोन स्वेटर आणि मफलर घालून खिडकीत बसली होती. बस सुटली तरी बोलतच होती.

पोचल्यावर तिचा फोन आला. "अगं धाकटे, इथे पंखा लावावा लागतोय! ऐन थंडीत पंखा!"

तिचा तो आनंद अजून माझ्या कानात आहे.

खोली साधीच होती. पुढे छोटा व्हरांडा, दाराला कडी आणि बाहेरून लावायचं कुलूप. मागे न्हाणीघर. दारातून सरळ वाळूत पाय. एक म्हातारा रखवालदार तिथेच असायचा. त्याने किल्ली देताना सांगितलं, की पाणी सकाळी आणि संध्याकाळी. दुपारी टाकीचा कॉक बंद असतो, नळाला थेंब येत नाही.

पहिल्याच दुपारी जेवून दोघं आडवी झाली. भाऊजींनी सवयीने डावा कान उशीत दाबला. पंख्याची घरघर बंद झाली. सगळं बंद झालं.

आणि मग...

लाटा.

हळू, लांबून. एक आली... गेली. दुसरी आली... गेली.

भाऊजी ताडकन उठून बसले. पुन्हा कान दाबून पाहिला. पंखा ऐकू येत नव्हता. ताईचं घोरणं ऐकू येत नव्हतं. लाटा मात्र येत होत्या. उजव्या कानात.

त्यांनी ताईला हलवून उठवलं. ताई अर्धवट झोपेत होती, पण ऐकल्यावर झोप कुठल्या कुठे गेली. तिने त्यांच्या डाव्या कानावर स्वतःचा तळहात घट्ट दाबला आणि उजव्या बाजूला तोंड नेलं.

"चहा सांगायचा का?" भाऊजींनी ऐकलं. अगदी स्वच्छ. ताईचा आवाज.

"सांग की!" भाऊजी जवळजवळ ओरडलेच. "ऐकू आलं! चहा म्हणालीस!"

ताईने हात काढला. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"अहो... मी अजून काही बोललेच नव्हते."

मग ताई हसायला लागली. "पण बोलणार चहाचंच होते! तुम्ही तर बोलायच्या आधीच ऐकायला लागलात."

इथे कुणीतरी थबकायला हवं होतं. मी असते तर थबकले असते, असं मला वाटतं. पण आनंदात माणूस अशा गोष्टींकडे काणाडोळा करतो. इथली गरम हवा मानवली, नस मोकळी झाली, असं त्यांनी ठरवून टाकलं. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

संध्याकाळी फिरायला निघताना ती मुद्दाम उजव्या बाजूला गेली.

"आता मी इकडूनच चालणार," म्हणाली. "इतकी वर्षं तुमचा एकच गाल बघितला. आता दुसरा बघते."

त्या दिवसापासून ताईने डावी बाजू सोडली. खांद्यावरच्या टिचक्याही सोडल्या.

दुसऱ्या दिवशी तिचं बरंचसं बोलणं भाऊजींना कळलं नाही. पण मधूनच एखादं वाक्य यायचं... लख्ख. बाकीचंही येईल हळूहळू, असं ते मनाशी म्हणाले. एकदा मात्र त्यांनी मान वळवली. ताईचा आवाज कानात चालू होता... आणि ताईचे ओठ मिटलेले होते. ती शिंपले वेचत होती.

दिसण्यात काहीतरी चूक झाली असेल. उन्हाने डोळे दिपले असतील.

पाण्याचा सोस ताईला आधी कधीच नव्हता. आता मात्र ती हट्टाने आत जायची. खोकला पळाला होता, बोटांची सूज उतरली होती. भाऊजी सांगत होते, लग्नाच्या वेळी दिसायची तशी दिसायला लागली होती.

मग ती दुपार आली.

ओहोटी होती. पाणी लांबपर्यंत कमरेएवढंच. दोघांनी चपला वाळूत काढल्या, भाऊजींनी खोलीची किल्ली शर्टाच्या खिशात घातली आणि शर्ट चपलांवर ठेवला. थोड्या अंतरावर एक नारळवाला आणि त्याची बायको सावलीत बसली होती. बाकी शुकशुकाट.

दोघं पाण्यात उभी राहिली. ताई उजवीकडे, चार हातांवर. डावीकडे लांबवर एक होडी चालली होती. भाऊजी त्या होडीकडे बघत होते. डाव्या कानात नुसता वारा घोंगावत होता.

तेवढ्यात उजव्या कानात आवाज आला.

"अहो, मला ऊन लागतंय. मी खोलीवर जाते. तुम्ही या सावकाश."

शब्द न् शब्द ऐकू आला. लाटांच्या आवाजातून, मान न वळवता.

मान न वळवता... हेच भाऊजी मला पुन्हा पुन्हा सांगत होते. इतकी वर्षं कुणीही बोललं की आधी मान वळवायची, ओठांकडे बघायचं. त्या दिवशी पहिल्यांदा गरज नव्हती. चारचौघांसारखं त्यांनी नुसतं ऐकलं आणि होडीवरची नजर न हलवता मोठ्याने उत्तर दिलं.

"हो, जा तू. मी आलोच."

त्यांना फार बरं वाटलं. ते आणखी थोडा वेळ तसेच उभे राहिले.

मग वळले. ताई नव्हती.

वाळूवर आले. शर्ट होता. त्यांच्या चपला होत्या.

ताईच्याही चपला तिथेच होत्या.

वाळू तापली होती. अनवाणी कशी गेली ही, असं मनात आलं. त्यांनी शर्ट अंगात चढवला, तिच्या चपला उचलल्या आणि खोलीकडे निघाले.

व्हरांड्याच्या पायरीवर पाय ठेवला, तोच आतून आवाज आला.

"आले हं... अंगावर पाणी घेते जरा."

पाठोपाठ पाणी पडल्याचा आवाज. तांब्या... तांब्या... तांब्या.

त्यांचा जीव भांड्यात पडला. ते दाराकडे पाठ करून पायरीवर बसले. ताईच्या चपलांमधली वाळू झटकली आणि दोन्ही चपला शेजारी नीट मांडून ठेवल्या.

आत पाणी पडतच होतं.

"आटप गं," ते म्हणाले.

"आले हं..."

किती वेळ गेला त्यांना सांगता येत नाही. त्यांची सावली पायरीवरून खाली उतरून वाळूत गेली होती. रखवालदार समोरून चालला होता, तो थांबला. त्याने चपलांकडे पाहिलं.

"बाई कुठे आहेत, साहेब?"

"आत. अंघोळ करतायत."

रखवालदार भाऊजींच्या डोक्यावरून मागे बघत होता.

"साहेब... दाराला कुलूप आहे."

भाऊजींनी वळून पाहिलं. कडी लागलेली. कुलूप लटकलेलं. किल्ली त्यांच्या खिशात होती.

"आणि पाणी कुठलं आत्ता? कॉक बंद आहे..."

उजव्या कानात तांब्या ओतल्याचा आवाज चालूच होता.

भाऊजींना किल्ली कुलपात घालता येईना, ती रखवालदारानेच फिरवली. खोली रिकामी होती. न्हाणीघराची फरशी कोरडी ठणठणीत होती. बादली पालथी होती.

भाऊजी किनाऱ्याकडे धावले. "बाई पाहिल्या का?" त्यांनी नारळवाल्याला विचारलं.

त्याची बायको म्हणाली, "तुमच्याच बाजूला तर होत्या. हाका मारत होत्या तुम्हाला. 'अहो, अहो' करत होत्या, हात हलवत होत्या. आम्ही उठणारच होतो..."

"मग?"

"पण तुम्ही उत्तर दिलंत ना. 'जा तू, मी आलोच' म्हणालात. आम्हाला वाटलं, नवराबायकोची थट्टा चाललीये."

भाऊजी तिथेच खाली बसले.

ताई दिवस मावळायच्या आत सापडली. कमरेएवढ्या पाण्यात एक खड्डा होता, वाळू वाहून झालेला. तिथून चार हातांवर ते उभे होते.

मी आणि माझे मिस्टर जाऊन दोघांना घेऊन आलो. येताना मधूनमधून भाऊजींचं डोकं उजवीकडे कलायचं आणि ते हलकेच "हं" म्हणायचे.

आता ते घरीच असतात. कामावर जात नाहीत. मी रविवारी डबा घेऊन जाते. मध्यंतरी गेले, तर दार उघडंच. मी दोनदा हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही. पुढे होऊन पाहते, तर डाव्या कानात कापसाचा हा मोठा बोळा.

चांगला कान त्यांनी स्वतःच बुजवला होता.

मी बोळा काढला. "हे काय भाऊजी?"

तेव्हा त्यांनी मला हे सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "अजून येतो आवाज. दिवसभर येतो. बाहेरचं काही ऐकू आलं की मग नीट लागत नाही."

मी विचारलं, "ताईला विचारा, आईची काचेची बरणी कुणी फोडली होती?" ते फक्त आम्हा दोघी बहिणींना माहीत होतं.

त्यांनी डोकं कलतं करून विचारलं. बराच वेळ ऐकत राहिले.

"काही सांगत नाही. 'आले हं' म्हणते नुसतं."

"भाऊजी, ही ताई नाही. हिनेच..."

"मला माहीत आहे," ते शांतपणे म्हणाले. "पायरीवर बसलो होतो, तेव्हाच कळलं. पण आवाज तिचा आहे गं. दुसरं काय उरलंय माझ्याकडे?"

त्यांनी माझ्या हातातून कापूस घेतला आणि पुन्हा डाव्या कानात घातला. आता मी काही बोलले असते तरी त्यांना ऐकू जाणार नव्हतं.

मग मी जे केलं, ते घरी कुणालाच सांगितलेलं नाही.

मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले आणि माझा कान त्यांच्या कानाजवळ नेला. फक्त एकदा. तिचा आवाज एकदाच ऐकावा म्हणून.

काही ऐकू आलं नाही. मी "ताई..." म्हणाले. अगदी हळू, ओठातल्या ओठात.

भाऊजींना ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं. ते समोर भिंतीकडे बघत होते.

मग त्यांची मान हळूच हलली.

"धाकटे," ते म्हणाले, "ती विचारतेय, अजून थोडी जवळ येतेस का?"

मी डबा तिथेच टाकून घरी आले.

त्यानंतर दोन रविवार मी गेलेले नाही. डबा मिस्टरांबरोबर पाठवते. भाऊजी त्यांच्याशी बाकी काही बोलत नाहीत, फक्त विचारतात की धाकटी कधी येणार.

मिस्टर म्हणतात, तू पुन्हा तिकडे पाऊल टाकायचं नाहीस. मी हो म्हटलंय.

उद्या रविवार आहे.