लीझेच्या खोलीचं दार

कापणीच्या आभाराच्या उपासनेला बाक कमी पडणार होते, म्हणून तालाय शनिवारी माग्दा एन्सच्या घरी आला. आठवडाभर तो ट्रॅक्टर चालवी आणि रविवारी गावातल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीपुढे उपदेशाला उभा राही. ऊन कलायला लागलं होतं. माग्दा ओसरीवर सफरचंदाच्या फोडी वाळत घालत होती.

“मावशी, तुमच्या मागच्या खोलीत लांब बाक आहे ना, तो रविवारपुरता द्या.”

माग्दाचा हात थांबला. “तो नाही निघायचा.”

“मी उचलतो की.”

“दाराला खिळे मारलेत.”

कुंपणापलीकडे शेजारीण बुरुल घोंगडी झटकत होती. तिनं मान वर न करताच म्हटलं, “कुणी मारले, तेही विचार तिला. बहीण चिखलात गेली, आणि ही बाई गळा काढून भजनं म्हणते. मला तर घास गिळवला नसता.”

माग्दा फोडी तशाच सोडून उठली. तालायला घरात घेऊन तिनं दार लावलं.

तालास नदीच्या खोऱ्यातल्या या गावात एके काळी सगळी जर्मन वस्ती होती. एकेक करून माणसं जर्मनीला गेली, माग्दाची मुलंही गेली. ती मागं राहिली ती लीझेसाठी. लीझे तिची धाकटी बहीण, जन्माची मुकी आणि बहिरी. परक्या मुलखात ती भेदरून जाईल म्हणून माग्दानं इथंच राहायचं ठरवलं होतं. लीझेला नाल्याच्या पाण्याची भारी ओढ. नजर चुकवून पळायची. म्हणून गाईकडे कुरणात जाताना माग्दा तिला मागच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी लावी.

गेल्या वर्षी वसंतात डोंगरावर बर्फ एकदम वितळलं आणि भर दुपारी दगडमातीचा लोंढा खाली आला. मागच्या खोलीच्या खिडकीतून तो आत शिरला आणि कोंडलेली लीझे त्यात गेली. माग्दानं सगळ्यांना सांगितलं, मी लांब कुरणात होते. लोकांनी मान डोलावली, पण त्यानंतर तिच्या ओसरीवर कुणी चहाला बसलं नाही.

“तालाय,” ती आता म्हणाली, “थोडा वेळ थांब. तुलाच कळेल.”

तिनं चहा ओतला, पाव पुढं केला. तालायनं एक घास घेतला आणि चावता चावता थांबला. दाताखाली कचकच रेती लागत होती.

“पीठ चाळून घेते. दोनदा चाळते,” माग्दा म्हणाली. “तरी रोज हेच. उशीवर चिखल असतो. गाय आटली. दाराचे खिळे सकाळी अर्धे बाहेर आलेले असतात... आतून ढकलल्यासारखे. मी पुन्हा ठोकते.”

बाहेर दुपार निवली. घरात ओल्या मातीचा वास पसरू लागला, आधी हलका, मग विहीर उपसताना येतो तसा जड. आणि मागच्या दारावर थाप पडली.

बोटांची टकटक नव्हती ती. सपाट तळव्याची थाप, एकसारखी, दांडगी. आपण किती जोरानं वाजवतोय हे ज्याला ऐकूच येत नाही, अशा माणसाची थाप. तालायच्या हातातली कपबशी वाजायला लागली.

“लीझे अशीच वाजवायची,” माग्दा कुजबुजली. “मी कुरणात नव्हते, तालाय. लोंढ्याचा आवाज आला तशी मी धावत आले होते. ओसरीपर्यंत आले. ती आतून दार वाजवत होती... मी ऐकलं. कडी काढायला आत जायचं एवढंच होतं. आणि माझे पाय टेकडीकडे वळले.”

थापा वाढल्या. चौकटीवरची माती झडली.

“रोज देवाकडे क्षमा मागते. रोज. पण माझं मागणं पोचत नाही बघ वर.”

तालायनं कपबशी खाली ठेवली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “मागता रोज,” तो म्हणाला, “पण घेता का कधी? त्यानं दिलेली असली तर?”

“माझ्यासारखीला?”

“मावशी, तो क्रूसावर गेला तो कुणासाठी? चांगल्यांसाठी जायची काय गरज होती?” त्यानं कोपऱ्यातली पहार उचलली. “मला भीती वाटतेय, खोटं कशाला सांगू. पण दार उघडू. मी आहे बरोबर.”

खिळे निघायला वेळ लागला नाही. पहिला उपसताच थापा थांबल्या. ती शांतता थापांहून वाईट होती. माग्दानं स्वतःच्या हातानं कडी काढली.

आत कुणी नव्हतं. खिडकीपर्यंत चढलेला चिखल वाळून भेगाळला होता. त्यात अर्धा रुतलेला बाक. माग्दा तिथंच गुडघ्यांवर बसली. प्रार्थनेचे ठरलेले शब्द तिला आठवेनात. “प्रभू येशू,” ती म्हणाली, “मी ऐकलं होतं. ऐकून पळाले. खोटं बोलले. माझ्यानं हे आता उचलवत नाही. तू म्हणालास ना, मी उचलतो... मग घे. आणि तू जे देतोस ते मी घेते.”

खोलीत काहीच हललं नाही. तिला वाटलं, झालं. ती उठू लागली.

तेव्हा अगदी कानाशी, ओल्या घशातून, कुणीतरी बोललं.

“माग्दा... तू ऐकलं होतंस...”

तालायच्या हातून पहार पडली. माग्दाच्या अंगावर सर्रकन काटा आला. मानेवर गार श्वास लागत होता.

“मला कोंडलंस... तुला क्षमा नाही... कधीच नाही...”

ती गोठून उभी राहिली. आणि त्या भीतीतच तिला एक गोष्ट उमगली. लीझेनं आयुष्यात एक शब्द उच्चारला नव्हता. ‘आई’ एवढा एक शब्द तिच्या तोंडून ऐकायला मिळावा म्हणून आई झुरत गेली होती.

माग्दा वळली. मागं फक्त अंधारलेला कोपरा होता, पण ती त्या कोपऱ्याशीच बोलली.

“तू लीझे नाहीस.”

गार श्वास थबकला.

“माझ्या बहिणीला बोलता येत नव्हतं. तू कोण आहेस मला ठाऊक नाही. मी ऐकलं होतं, पळालेही होते. पण ते ज्याला सांगायचं त्याला सांगून झालं. त्यानं ते घेतलं. येशूच्या नावानं सांगते, माझ्या घरातून नीघ.”

काहीतरी तिच्या खांद्याला धडक देऊन गेलं. दिसलं काहीच नाही. तालाय भिंतीवर आपटला, ओसरीवरच्या फोडी उधळल्या, गोठ्यात गाय हंबरली. मग मातीचा वास विरला आणि उघड्या दारातून वाळत्या सफरचंदांचा वास आत आला. माग्दा बाकावर बसली आणि लीझेसाठी रडली. लोंढ्याच्या त्या दुपारनंतर प्रथमच ती बहिणीसाठी रडत होती. आजवर तिचं रडणं भीतीचं होतं.

रविवारी तिनं मंडळीसमोर उभं राहून सगळं सांगितलं. एक बाई शेजारून उठून दुसरीकडे जाऊन बसली. एक म्हातारा म्हणाला, “ऐकून पळालीस? माणूस आहेस का तू?” माग्दानं ऐकून घेतलं. मग ती आपल्या जागी बसून राहिली आणि शेवटचं गीतही गायली. दुसऱ्या दिवशीचा पाव मऊ निघाला, दाताला कणही लागला नाही.

त्याच दुपारी बुरुल कुंपणाशी आली. टोमणा मारायला नव्हे. डोळे खोल गेले होते.

“तुझ्या बहिणीला मी पाहिलं होतं त्या दिवशी,” ती हळू म्हणाली. “खिडकीत उभी होती, आमच्या अंगणाकडे तोंड करून. हात हलवत होती. मला खिडकी फोडता आली असती... मी आमचं गाढव सोडवायला गेले. तुला बोलत राहिले ते म्हणूनच. आपल्याकडे कुणी बघू नये म्हणून.”

माग्दानं कुंपणावरून तिचा हात धरला. तो बर्फासारखा होता.

“परवापासून,” बुरुल म्हणाली, “कुणीतरी आतून हाका मारतंय मला. घरात कुणी नसताना.”

“कुणाचा आवाज आहे?”

बुरुलनं तिच्याकडे पाहिलं आणि हात सोडवून घेतला.

“तुझा.”

माग्दा काही बोलणार, एवढ्यात बुरुलच्या रिकाम्या घरातून, पडद्याआडून, माग्दाचाच आवाज आला. प्रेमळ, जेवायला बोलवावं तसा.

“बुरुल... आत ये ना गं...”