नुसत्या पाण्याची नळी

अंबडजवळच्या आमच्या फार्मसी कॉलेजात नीट काम येणारा माणूस एकच, तो म्हणजे मी. बाकीचे पगार घेतात.

माझी विद्यार्थिनी निकिता खच्ची केलेल्या उंदरांच्या प्रोस्टेटवर पीएचडी करते. खच्ची केल्यावर ही ग्रंथी सुकते, तिला वाढवणारा ग्रोथ फॅक्टर घटतो. कोरोनाने घरोघरी पोचवलेल्या आरटीपीसीआरवर तो मोजायचा, एवढंच काम. दर वेळी एका नळीत नुसतं पाणी ठेवतात. तिच्यात काही दिसता कामा नये.

निकिताच्या पाण्यात ग्रोथ फॅक्टर दिसला.

"हात धूत जा," मी म्हणालो.

"धुतले होते, सर. रोज वाढतोय तो."

"मग पाण्यावरच प्रबंध लिही."

शुक्रवारपर्यंत तिच्या प्रगती अहवालावर माझी सही झाली नाही तर तिचं रजिस्ट्रेशन रद्द होणार होतं. पोरगी एकलहऱ्याहून दोन बस बदलून येते म्हणून सही करायला मी काही धर्मादाय संस्था नाही.

सोमवारी तिला बाहेर बसवून मी स्वतः चाचणी लावली. सीलबंद पाणी, नवे हातमोजे, नव्या नळ्या. उंदरांचे आकडे तिच्याइतकेच आले. पाण्याचा सगळ्यांत मोठा. मंगळवारी त्याहून मोठा.

चिडून ते पाणी पुण्याला तपासायला पाठवलं. गुरुवारी सकाळी मेल आला. पाण्यात सापडलं ते उंदराचं नाही, माणसाचं. वेगाने वाढणाऱ्या प्रोस्टेटचं.

"म्हणजे तुझाच निष्काळजीपणा."

निकिताने मेल पुन्हा वाचला. "सर, बाईला ती ग्रंथी नसते."

लॅबमध्ये आम्ही दोघंच येतो. पण तिच्या पहिल्या चाचण्यांच्या वेळी मी दिल्लीत होतो. तोंड वर करून बोलायला लागली होती फार.

"माझी ग्रंथी वाढलेली निघाली तर सही करतो," मी म्हणालो. "नाहीतर तू घरी बस."

दुपारी गावातल्या द्वारका चौकात जाऊन सोनोग्राफी केली. कालपरवा पास झालेला डॉक्टर. पोटावर यंत्र फिरवून थांबला. पुन्हा फिरवलं.

"काका, ऑपरेशन कधी झालं?"

"कसलं?"

"प्रोस्टेट काढल्याचं."

"माझं कसलंच ऑपरेशन झालेलं नाही."

त्याने पडदा माझ्याकडे वळवला. मूत्राशयाखाली काहीच नव्हतं. मग त्याने वाकून माझं ओटीपोट निरखलं.

"टाके पण नाहीत," तो म्हणाला.

तिथूनच निकिताला फोन लावला. सही करतो म्हणालो.

तिने आभार मानले नाहीत.

"सर," तिने विचारलं, "पाणी ठेवू की फेकून देऊ?"