पेटीतलं उपरणं

“माझे मालक उद्या माणूस मारणार हायत, भाऊ. तेवढं थांबवा.”

संतरामची तंबाखू तळहातावरच राहिली. पळवलेल्या बैलांसाठी, भावकीच्या भांडणांसाठी लोक तातेरावांच्या हिंगोलीतल्या ओसरीवर यायचे. पण अजून न झालेला खून घेऊन कुणी आलं नव्हतं.

तातेरावांनी निजामाच्या पोलिसातली अमीनकी, म्हणजे फौजदारकी, सोडून खासगी तपास सुरू केला होता. संतराम त्यांचा लहानपणचा दोस्त, धंद्याने हळदीचा आडत्या. स्वभावाने भोळा, आणि मित्राच्या तपासात नाक खुपसायची भारी हौस. हळदीचे हात न धुता चुना-तंबाखू मळायचा आणि धोतराला लाल बोटं पुसायचा, त्यावरून घरात रोज महाभारत.

“बसा वहिनी,” तातेराव म्हणाले. “कुणाला मारणार?”

बाईंचं नाव पार्वतीबाई. सेनगावकडच्या एका गावचे जमीनदार उकंडराव यांच्या त्या कारभारीण.

“लमाणांच्या तांड्यावरच्या धर्मसिंगला,” त्या म्हणाल्या. “त्यानं आमच्या किसनला मारलं, असं सारं गाव म्हणतं. माझं एकुलतं एक लेकरू हो ते!”

त्यांनी डोळे पुसले आणि सगळं सांगितलं. दरवर्षी शिवरात्रीला औंढ्याच्या जत्रेत त्यांच्या गावाचं नाटक व्हायचं. दाढ्यामिशा, मुकुट, जखमा, सगळा साज किसनच करायचा. त्याची बोटंच तशी होती. मागच्या वर्षी नाटक झालं आणि दुसऱ्याच दिवशी पोरगं नाहीसं झालं. तांड्याजवळच्या पळसाखाली त्याच्या वहाणा सापडल्या आणि रक्ताने माखलेलं उपरणं. धर्मसिंगच्या बहिणीशी, मिराशी, किसनचं सूत जुळलेलं होतं. तिला त्याच दिवशी मामाकडे धाडलं म्हणे.

“ठाण्यात गेला नाहीत?”

“गेलो की. मुडदा न्हाई तर खून कशाचा, म्हणले. तवापासून मालक एकटेच बडबडतात. लोक येडे म्हणतात त्यायला. पण ते येडे न्हाईत, भाऊ. यंदाचं नाटक त्यायनंच बसवलं. राजाच्या पोराला सरदार मारतो अन् राजा भर दरबारात सरदाराचं मुंडकं उडवतो. राजा मालक, सरदार धर्मसिंग! अन् काल त्यायनं लाकडी तलवार चुलीत घालून सासऱ्याची खरी तलवार घासायला काढली.”

“अरे देवा!” संतराम म्हणाला.

“किसनचं आणखी कुणाशी वैर?”

पार्वतीबाईंनी पदर सावरला. “वैर न्हाई. बापाशी तेवढं वाजलं होतं. तांड्याची सून आणलीस तर दोघांचेही तुकडे करीन, म्हणले होते. रागात माणूस बोलतोच की.”

तातेरावांनी लगेच बैलांची दमणी जुंपायला सांगितली.

उकंडराव ओट्यावर बसले होते. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. “किसनचा तपास करून राहिलोय,” तातेराव म्हणाले, तसे ते मोठ्याने हसले.

“आता आलात व्हय? वरसभर ठाण्याचे उंबरे झिजवले मी. कुत्र्यानंबी विचारलं न्हाई. आता माझा न्याय मीच करणार.”

त्यांनी आतून पत्र्याची पेटी आणली आणि घडी केलेलं उपरणं उलगडलं. त्यावर विटकरी लाल रंगाचा मोठा डाग होता. डागाच्या कडेला पांढरट पूड दिसत होती. घरात कुणी देवाचा अंगारा लावला असेल, असं समजून संतरामने हात जोडले.

“पाण्याचा थेंब लागू दिला न्हाई याला,” उकंडराव म्हणाले. “बायकोलासुद्धा हात लावू दिला न्हाई. त्या धर्म्याच्या रगतात बुडवीन, तवाच धुईन.”

तातेरावांनी कापड बोटांत धरून चोळलं. “मऊ आहे.”

“माझं लेकरूच मऊ होतं,” उकंडराव म्हणाले आणि ढसाढसा रडू लागले. संतरामलाही हुंदका आवरेना.

तिथून दोघे तांड्यावर गेले. धर्मसिंगची आई जिवनबाई दारात बसून तळहाताएवढ्या टोपीला कवड्या शिवून राहिली होती.

“मिरा कुठं आहे?” तातेरावांनी विचारलं.

“मामाकडं. लगीन ठरवायचं हाय तिचं.”

“आणि घरात कोण कोण?”

“मी अन् धर्मा. त्याचंबी लगीन व्हायचंय अजून.”

“टोपी झकास झाली आहे.”

जिवनबाईने टोपी ओढणीखाली सारली. तेवढ्यात धर्मसिंग गुरं घेऊन आला. पहाडासारखा गडी. असला माणूस काय करणार नाही, असं संतरामच्या मनात आलंच.

“किसनला तू मारलंस?” तातेरावांनी आडपडदा ठेवला नाही.

“लोक म्हणतात.”

“तू काय म्हणतोस?”

“मी काय म्हणत न्हाई.”

“उद्या उकंडराव खरी तलवार आणणार आहेत.”

“ठाव हाय.” तो वासराचं दावं बांधत राहिला.

“मग येऊ नकोस!” संतराम न राहवून ओरडला.

“न्हाई कसा येऊ, मालक? मी पळालो तर गावात पुन्हा शोधाशोध लागंल. ती नको.”

परतताना संतरामने तोंड उघडलं. “तात्या, हा कबूलच झाला की रे! दुसरं काय पाहिजे?”

“लिंबू पाहिजे,” तातेराव म्हणाले. “उद्या आठवण कर.”

मित्राचं डोकं फिरलं, असं संतरामला वाटलं, आणि हे काही पहिल्यांदाच वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी औंढ्याला नागनाथाच्या जत्रेत मुंगी शिरायला जागा नव्हती. मांडवापुढे लोक आरडाओरडा करत होते. पडद्यामागे मुकुट घालून उकंडराव उभे होते. कमरेला तलवार आणि ते उपरणं. समोर सरदाराच्या वेशात धर्मसिंग, एका कोपऱ्यात पार्वतीबाई.

तातेराव सरळ आत शिरले. त्यांनी उपरणं ओढून घेतलं आणि अर्धं लिंबू त्या डागावर कचकचून पिळलं.

“हात लावू नका माझ्या लेकराच्या रगताला!” उकंडरावांनी तलवार उपसली.

“आधी बघा, मग मारा!”

लिंबाचा रस उतरला तिथे डाग पिवळा होत गेला. हळदीसारखा पिवळाधमक.

तलवार वरच्या वर थांबली.

“रक्त जुनं झालं की काळं पडतं, कापड कडक होतं,” तातेराव म्हणाले. “हे वर्षानंही लाल आणि मऊ. कडेला चुन्याची पूड. संतराम तिला अंगारा समजला. हळदीत चुना कालवला की लाल होते आणि आंबट पडलं की पुन्हा पिवळी. याच्या धोतरावर मी ते रोज बघतो. हिंगोलीच्या माणसाला हे सांगायची गरज नाही. पण तुम्ही त्याची पूजा मांडलीत, उकंडराव. वहिनींनी एकदा धुवायला घेतलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.”

“मग हे लावलं कुणी?” पार्वतीबाईंनी विचारलं.

“गावात जखमा रंगवायला येत कुणाला होत्या? तुमच्याच किसनला. मुडदा सापडला नाही, कारण मुडदा नव्हताच. आता टोपी. जिवनबाईच्या घरी लेकरू नाही, मुलगा बिनलग्नाचा, मुलीचं म्हणे लग्न ठरायचंय. मग टोपी कुणाच्या लेकरासाठी? आणि धर्मसिंग. खुनी माणूस ‘मी नाही केला’ म्हणून गळा काढतो. हा वर्षभर आळ अंगावर घेऊन गप्प. शोधाशोध नको म्हणून मरायलासुद्धा तयार. याला स्वतःला लपवायचं नव्हतं. याला दुसऱ्या कुणाला तरी लपवायचं होतं. बोल धर्मसिंग.”

धर्मसिंगने खाली बघितलं. “वाशिमला हायत दोघं. इंग्रजाच्या मुलखात. किसन तिथल्या नाटकवाल्यायचे पडदे रंगवतो. लगीन म्याच लावलं.”

पार्वतीबाई कोपऱ्यातून पुढे धावल्या. “जित्तं हाय माझं लेकरू! जित्तं हाय!” त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. संतरामच्या छातीवरचा धोंडा असा उतरला की तो भर पडद्यामागे धर्मसिंगच्या गळ्यात पडला.

उकंडरावांच्या हातून तलवार गळाली. “धर्म्या, मी तुला वरसभर शिव्या घातल्या. आज तुझा जीव घेत होतो. एका शब्दानं सांगितलं काहून न्हाई?”

“कुणाला सांगू, पाटील? तांड्याला सांगितलं असतं तर पंचायत उठली असती. अन् तुमाला…” तो अडखळला. “किसन तुमालाच भेऊन मेला होता, पाटील. तुकडे करीन म्हणले होते तुमी. मेलेल्याच्या मागं कुणी येत न्हाई, असं म्हणला. मला एकच बहीण हाय.”

पडद्यापलीकडे लोक टाळ्या पिटत होते. राजा येईना म्हणून कुणी शिट्ट्याही मारत होतं. उकंडरावांनी मुकुट काढला आणि ते जमिनीवर बसले. ज्याचा सूड घ्यायला निघालो, त्याला हाकलणारे आपणच, हे त्यांच्या तोंडावर इतकं स्वच्छ दिसत होतं की संतरामने मान फिरवली.

मग उकंडरावांनी विचारलं, “पोरगं हाय का पोरगी?”

“पोरगी. नाव ठेवलं न्हाई अजून. बारशाला आजा पाहिजे म्हणून अडून बसलाय किसन. मीच म्हणलं, आजा कुऱ्हाड घेऊन येईल.”

उकंडराव धोतर झटकून उठले. “धर्मसिंग, तू चल संगं. पुढं होऊन तू सांग त्याला. मी त्याच्या दारात जाणार न्हाई. वेशीबाहेर बसतो. त्यानं बोलावलं तरच आत येईन.”

पार्वतीबाई तोवर मांडवामागच्या दमणीत चढूनसुद्धा बसल्या होत्या.

“न्हाई बोलावलं तर बसा मग तिथंच,” त्या म्हणाल्या. “म्या तर चालले. जुंपा बैलं!”