एका रात्रीचे पाहुणे

दुपार कलली की बुआखाम भिजवलेला चिकट तांदूळ नणंदेच्या हवाली करायची आणि आपल्या गेस्टहाउसच्या नावाची पाटी काखेत मारून धक्क्याकडे निघायची. सीमेवरच्या हुआय सायहून नदीने येणारी प्रवासी बोट पाकबेंगच्या वळणावर दिसू लागेपर्यंत गावातले बाकीचे गेस्टहाउसवालेही काठावर जमलेले असत. बोट लागायची. पाठीवर पोती बांधल्यासारखी माणसं फळीवरून उतरायची आणि वाळूतून धडपडत चढ चढायची. पुढचं सगळं बुआखामच्या तोंडून आपोआप बाहेर पडायचं.

"खोली आधी बघा, मग हो म्हणा. मच्छरदाणीला भोक नाही ना, ते बघून घ्या. नळाचं पाणी पिऊ नका, माठातलं उकळलेलं आहे. उद्या लवकर जाऊन पुढची जागा धरा, इंजिनाशेजारी बसलात तर लुआंग प्राबांगला पोचल्यावरही कान वाजत राहतील. सकाळी नदीवर थंडी असते, शाल पिशवीच्या तळाशी कोंबू नका. जेवण बरोबर घ्या. आणि बोट गावाच्या बरीच अलीकडे थांबते, तेव्हा एकट्याने रिक्षा करू नका."

बोलताना तिचं मन दुसरीकडेच असायचं. हे ती नवरा होता तेव्हापासून सांगत आली होती. तेव्हा त्यात गंमत होती. आता नवरा गेला होता, मुलगा व्हिएन्तियानमध्ये नोकरीला लागून तिथलाच झाला होता. पाकबेंगला कुणी मुद्दाम येत नाही. वरून खाली जाताना मध्ये रात्र पडते, म्हणून लोक इथे झोपतात, सकाळी चादरी चुरगळलेल्या टाकून जातात आणि पुन्हा कधी दिसत नाहीत. त्याचाच तिला शीण यायचा, आणि तो शीण झोप काढूनही जात नसे.

हालिना पहिल्यांदा आली ती थंडीच्या सुरुवातीला. सगळे वर गेल्यावर, सगळ्यांत शेवटी चढ चढून आली. उंच, तिशीची, वाळल्या गवताच्या रंगाची वेणी, पायात कोरे करकरीत बूट. पोलंडची, एकटीच फिरायला निघालेली. खोली तिला आवडली. जेवताना तिने ताटातली पुदिन्याची पानं वेचून काठावर ओळीने मांडून ठेवली आणि विचारलं, "मावशी, एकटीने फिरायला इकडे भीती नाही ना?"

"भीती कसली? फक्त रोज निघताना कुणाला तरी सांगून निघत जा, आज कुठे चाललीस ते."

"माझं इथे कोण आहे? कुणाला सांगू?"

"जिथे राहशील त्या घरच्या बाईला सांग. तेवढं पुरतं."

सकाळी ती खरंच स्वयंपाकघराच्या दारात येऊन सांगून गेली, "मावशी, मी लुआंग प्राबांगला चाललेय." असं कुणी सांगत नाही. बुआखामला बरं वाटलं, आणि दुपारपर्यंत ती विसरूनही गेली.

काही दिवसांनी हालिना पुन्हा चढ चढून आली.

"अगं, तू परत?" बुआखाम हसून म्हणाली.

"परत? मी पहिल्यांदाच येतेय. काल रात्री सीमेवर होते, त्यानंतरचं हे पहिलंच गाव."

बुआखाम ओशाळली. रात्री तिने नणंदेला सांगितलं तर चान्पेंग कढई घासता घासता खो खो हसायला लागली. "वहिनी, तुम्हाला सगळे गोरे सारखेच दिसतात. मागे एकीच्या नवऱ्याला तुम्ही दुसरीच्याच खोलीची किल्ली दिली होतीत. आठवतंय ना?"

"आठवतंय. तोही गपचूप घेऊन निघाला होता."

दोघी हसल्या. पण ताटं उचलायला गेलेली चान्पेंग हसत परत आली नाही. तिच्या हातातल्या ताटाच्या काठावर पुदिन्याची पानं ओळीने मांडलेली होती.

त्यानंतर हालिना येतच राहिली. कधी चार-आठ दिवसांनी, कधी लागोपाठ. दर वेळी सगळ्यांत शेवटी, दर वेळी पहिल्यांदाच. तेच प्रश्न विचारायची, तशीच सांगून निघायची. सुरुवातीला दोघींना वाटलं, पोरगी थट्टा करतेय. मग वाटलं, डोक्याने आजारी असेल; लुआंग प्राबांगहून बसने सीमेवर जात असेल आणि पुन्हा बोटीत बसत असेल. तसं करणं अशक्य नव्हतं. पण लागोपाठच्या दोन संध्याकाळी दिसायला तेवढा वेळ कुठून आणायचा, हे दोघींपैकी कुणीच मोठ्याने विचारलं नाही.

शेवटी बुआखामने थोंगसायला गाठलं. तो हुआय सायहून येणारी बोट चालवायचा. काठावर बसून भाताचा गोळा मिरचीच्या ठेच्यात बुडवत होता.

"तुझ्या बोटीतून ती वेणीवाली येते ना, एकटीच असते ती?"

"कुठली वेणीवाली? आज तर सगळी टोळकी आहेत, ताई. एकटी बाई कुणी नव्हती."

"अरे, आत्ता माझ्या डोळ्यांदेखत चढून गेली."

थोंगसायचा घास हातातच राहिला. त्याने बोटीकडे पाहिलं, मग बोटीच्या पलीकडे पाहिलं. "कधीतरी मला दिसते," तो हळू आवाजात म्हणाला. "बोट रिकामी झाल्यावर. फळीवरून नाही येत. पाण्याच्या बाजूने येते." आणि लगेच चढ्या आवाजात, "जाऊ दे ना. भाडं ती देत नाही, आणि मी मागत नाही!"

हसणं त्याला जमलं नाही.

तोवर बुआखामच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली होती. हालिना झिजत होती. कोऱ्या बुटांचे तळवे उकलले होते आणि ते तिने सुतळीने बांधले होते. वेणी निम्मी राहिली होती, कानशिलांवर पांढरे केस दिसत होते. गाल आत गेले होते. पाकबेंगमध्ये अजून थंडीच सरली नव्हती आणि या बाईच्या अंगावरून मात्र बरीच वर्षं गेली होती. तरी ती उंबऱ्यात उभी राहून ताज्या उत्साहाने म्हणायची, "मावशी, माझ्या प्रवासाची आत्ता कुठे सुरुवात आहे!"

बुआखामला रडू यायचं. तिला वाटायला लागलं, आपणच हिला काहीतरी चुकीचं सांगतोय. आपण म्हणतो तशी ही जाते, आणि म्हणून परत येते. मग तिने सल्ला बदलला.

"बोटीने जाऊच नकोस. रस्त्याने उदोमसायला जा. घाटात वळणं आहेत, पुढच्या सीटवर बस आणि पोटात थोडंसंच काहीतरी असू दे."

सकाळी तिने स्वतः हालिनाला व्हॅनमध्ये पुढे बसवलं, ड्रायव्हरला बजावलं. दुपारी त्याला फोन लावला तेव्हा ती ओसरीच्या कठड्याला टेकून उभी होती.

"उतरवलं की स्टँडवर," ड्रायव्हर म्हणाला. "चांगली बाई आहे. हात हलवून गेली. मावशींना सांग म्हणाली, पोचले म्हणून."

"बरं," बुआखाम म्हणाली. खाली धक्क्यावरची गर्दी पांगली होती, आणि बूट हातात घेऊन, अनवाणी, हालिना चढ चढून येत होती.

चान्पेंगने ताटं लावायचं सोडून सोमबून आजोबांना निरोप पाठवला. माणसाच्या अंगात अनेक जीव असतात, तो फार भटकला की त्यातले काही वाटेत मागे राहतात; त्यांना हाका मारून परत बोलवायचं आणि मनगटावर पांढरा दोरा बांधून घट्ट करायचं, हे काम गावात तेच करायचे. लग्नात, बाळंतपणात, कुणी परगावी निघालं की त्यांनाच बोलावणं जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चटई टाकली. केळीच्या पानांचा उंच द्रोण झेंडूने भरून मध्ये ठेवला. भोवती भात, अंडी, दारूची बाटली. हालिना लहान मुलीसारखी खूश होऊन मांडी घालून बसली.

आजोबा खणखणीत आवाजात जीवांना हाका मारू लागले. रानातून या, वाटेवरून या, नदीवरून या, आपल्या घरी या. मग दोरा घेऊन ते पुढे सरले आणि म्हणाले, "हात पुढे कर, पोरी."

हालिनाने बाही वर केली.

मनगटापासून कोपरापर्यंत दोरेच दोरे होते. काही पांढरे, काही मळून काळे झालेले, काही इतके जुने की कातडीत रुतलेले. गाठी वेगवेगळ्या होत्या. काही दोरे पिवळे होते, काही लाल. असे दोरे या गावात कुणी बांधत नाही.

"हे कुणी बांधले?" आजोबांनी विचारलं. बुआखामने ते हालिनाला इंग्रजीत विचारलं.

हालिनाने हाताकडे कौतुकाने पाहिलं. "इकडचे लोक किती प्रेमळ आहेत ना? जिथे राहते तिथल्या घरच्या बाईला सांगून निघते, आणि ती बांधते."

"कुठे राहिलीस तू? किती गावांत?"

हालिना बोटांवर मोजू लागली आणि मध्येच थांबली. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू एक गोंधळ पसरला. "मी तर कालच आले," ती म्हणाली.

आजोबांनी दोरा परत गुंडाळला. "मी नाही बांधत."

"आजोबा, असं नका करू," चान्पेंग काकुळतीला आली.

"हिला आधीच बोलावलेलं आहे," आजोबा उठता उठता म्हणाले. "प्रत्येकीने बोलावलंय. आणि ही प्रत्येकीकडे जातेय." अंड्याला हात न लावता, चपला घालून ते निघून गेले.

अंगणात तिघी उरल्या. हालिना तशीच बसली होती. पहिल्यांदाच ती दमलेली दिसली. कुठल्याही पाहुण्याला दिला नव्हता असा सल्ला बुआखामने तिला दिला.

"पोरी, आता कुठे जाऊ नकोस. थांब."

"थांबू? किती दिवस?"

"मोजू नकोस. नुसती थांब."

हालिनाच्या डोळ्यांत पाणी आलं. बुआखामने आजोबा टाकून गेलेला दोरा उचलला आणि दंडावर जागा शोधून स्वतःच बांधला. तेव्हा हालिनानेही आपल्या हातावरचा एक दोरा सोडवला. जुना होता, पण गाठ सहज सुटली. तिने तो बुआखामच्या मनगटावर बांधला. "आपणही उलट बांधायचा असतो ना? बघितलंय मी." कुठे बघितलं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

त्या दिवशीची बोट तिच्याशिवाय गेली. दुपारी बुआखाम धक्क्यावर उभी राहिली. सगळे चढून गेले, वाळू रिकामी झाली, आणि मागून कुणी आलं नाही. घरी येऊन बघते तर हालिना चान्पेंगशेजारी बसून लसूण सोलत होती.

दिवस सरळ चालू लागले. हालिना पोटभर झोपायची, पोटभर खायची. तिच्या गालांवर मांस चढलं. चान्पेंगच्या हाताखाली ती भाषा उचलत गेली; तिचे उच्चार ऐकून चान्पेंग पोट धरून हसायची. "वहिनी, ही मला काकडी म्हणून म्हैस सोलायला सांगतेय!" पुढे ती धक्क्यावरही जाऊ लागली. उंच असल्यामुळे लांबून दिसायची, आणि पाहुण्यांना तिचं इंग्रजी कळायचं. बुआखामचं रोजचं बोलणं तिने शब्दन् शब्द उचललं होतं.

बुआखाम ओसरीवर बसून राहायची. इतक्या वर्षांनी विसावा मिळाला होता, पण शीण काही हटत नव्हता. उलट वाढत होता. सकाळी उठली की पोटऱ्या भरून आलेल्या असत, जणू रात्रभर चालत होती. कधी घरातल्याच वस्तू तिला नवख्या वाटायच्या. एकदा माठाशी उभी राहून तिने चान्पेंगला विचारलं, "हे पाणी पिण्याचं आहे ना?" चान्पेंगला वाटलं, थट्टा आहे. ती हसली. बुआखामही हसली, उशिरा.

पुढे वणव्यांच्या धुराने डोंगर दिसेनासे झाले, त्या दिवसांत एकदा दुपारी तिच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. पिंकेओचंही हुआय सायला, बोटी सुटतात तिथेच, गेस्टहाउस होतं.

"ताई, तू घरीच आहेस ना गं?"

"घरीच आहे. कुठे जाणार?"

"नाही, सहजच." पिंकेओने आवाज खाली आणला. "काल माझ्याकडे एक बाई उतरली. एकटीच होती. सीमेवरचा पूल ओलांडून आले म्हणाली. ताई, अगदी तुझ्यासारखी दिसत होती. मी हाकसुद्धा मारली तुझ्या नावाने. ती नुसती बघत राहिली. खोलीची मच्छरदाणी तपासली. मला विचारते, एकटीने फिरायला इकडे भीती नाही ना?"

बुआखामने मनगटावरचा दोरा चाचपला.

"आवाजही तुझाच, ताई. मी रात्रभर जागी होते."

"तिला जाऊ देऊ नकोस," बुआखाम म्हणाली. "ऐकतेस ना? थांबवून ठेव तिला."

"गेली की गं सकाळच्याच बोटीने. मला सांगून गेली, पाकबेंगला चाललेय म्हणून. मी तुझ्याच घराची खूण सांगितली. ऊन फार होतं, म्हणून माझी जांभळी छत्री दिली बरोबर."

फोन ठेवला तेव्हा खाली बोट लागलेली होती. धुरातून हालिनाचा आवाज ऐकू येत होता, खोली आधी बघा, मग हो म्हणा.

बुआखाम कठड्याशी येऊन उभी राहिली.

माणसं पिशव्या सावरत वर आली, हसत, घामेजलेली. आली, आणि आपापल्या पाटीमागे गेली. धक्का रिकामा झाला.

मग पाण्याच्या बाजूने जांभळी छत्री चढ चढू लागली. तिच्याआड तोंड दिसत नव्हतं. हालिना चार पावलं खाली उतरली आणि तिने हात पुढे केला.

बुआखामने कपाटातून धुतलेली चादर काढली आणि खालच्या खोलीतलं अंथरूण घालायला गेली.