चर्चसमोरची भिंत

पोरांनो, हे माझ्यावर नाही, नॅन्डोवर बेतलं. तो आमच्याच इमारतीत, माझ्या खालच्या मजल्यावर राहायचा. थापा मारणारा माणूस नव्हता तो.

सात मार्च एक्क्याण्णव, गुरुवारची रात्र. ब्रॉन्क्समध्ये थंडी मरणाची. नॅन्डो खळीची बादली नि कागदाची गुंडाळी घेऊन निघाला. एकटाच. भिंतींवर पोस्टरं लावण्यातला त्याचा जोडीदार एलिसेओ मंगळवारी एड्सनं गेला होता. सकाळी चर्चमध्ये त्याची अखेरची प्रार्थना, आणि त्याची आई, नेरेइदामावशी, जो विचारील त्याला न्यूमोनिया सांगत होती. एलिसेओला हे आधीच ठाऊक असणार. त्यानं दवाखान्यात पडल्या पडल्या स्वतःच्याच सुकलेल्या देहाचं चित्र काढलं, पुरुषभर उंच. खाली लिहिलं, ‘मी एड्सनं मेलो.’ चर्चसमोरच्या भिंतीवर लावीन, असं नॅन्डोकडून कबूल करून घेतलं.

असलं पोस्टर लावायला माणसं दोन लागतात. उंच असेल तो कागद वरून धरतो, दुसरा खळीचा ब्रश फिरवतो. एलिसेओ ताडमाड. नॅन्डोला म्हणायचा, बुटक्या, तू आपला गुडघ्यापर्यंतचं बघ.

दोन वाजून गेले होते. नॅन्डोनं भिंतीला खळ फासली, कागद उलगडला, आणि सवयीनं बोलून गेला,

"वरून धर रे."

कागद वर गेला.

ताठ. सरळ. वारा नव्हता...

नॅन्डोनं वर पाहिलं नाही. ब्रश फिरवत राहिला. गळा झाला. छाती झाली. मग अक्षरं आली, नि हात थांबला. मावशीनं लहानपणी त्याला जेवू घातलेलं. सकाळी ती हे वाचणार. सगळ्या गल्लीसमोर.

"एलिसेओ... आईला नको रे."



त्यानं खालची पट्टी फाडायला धरली. फाटेना. कागद वर ओढला जात होता. हळूहळू.

"बरं," नॅन्डो म्हणाला. "बरं बाबा."

अक्षरं चिकटवली नि पळत सुटला.

सकाळी मावशी भिंतीसमोर थांबली. वाचलं. आता फाडणार, असं नॅन्डोला वाटलं. पण ती वर बघत राहिली, किती तरी वेळ. मग आत गेली. पाद्रीबाबांनी न्यूमोनिया म्हटलं, तशी उभी राहिली.

"एड्स," म्हणाली. "माझा मुलगा एड्सनं गेला."

नंतर नॅन्डो स्टूल घेऊन भिंतीपाशी गेला. वरच्या दोन्ही कोपऱ्यांवर, वाळलेल्या खळीत, अंगठे उमटले होते. उजवा पुरता. डावा अर्धाच. एलिसेओ चार वर्षांचा असताना, आईनं दार लोटलं तेव्हा चेंगरलेला.